सौर झटका मशीन: डुकरं माझ्या वावरातून गेली, पण गेली कुठं?

वावराभोवतीच्या तारेत झटका सोडणारी ही मशीन चालते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल. रानडुक्कर तारेला नाक लावतं, किंचाळतं, मागं फिरतं आणि त्या रात्री पुन्हा त्या अंगाला येत नाही. पेरलेलं बी ओळीनं उकरून खाल्लं, शेंगा भरल्या की एका रात्रीत पाव एकर लोळवलं, हे रडगाणं आता आमच्या वावरात नाही. पैसे वसूल झाले का? झाले. तरी मी पाचपैकी पाच तारे देणार नाही. त्याचं कारण मशीनीत कमी आणि मशीनीच्या खोक्यावर जास्त आहे. खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र आहे आणि त्याखाली लिहिलंय, ‘१०० टक्के पर्यावरणपूरक’.

आमचं रान जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. पाच एकर. खालचं काळं, वरच्या अंगाला मुरमाड. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, त्यामुळं शेत मीच बघते. खरिपाला सोयाबीन आणि त्यात तूर, रब्बीला हरभरा, घरापुरती ज्वारी आणि मुरमाड पट्ट्यात थोडा भुईमूग. डुकराला सगळ्यात प्यारा भुईमूग. रोही, म्हणजे नीलगायी, येतात त्या हरभऱ्याचे शेंडे खायला. हरणांचा कळप कोवळ्या सोयाबीनवर पडतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळेला दिवसा माळ्यावर उभं राहून गोफण आणि रात्री आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, जागल असायची. गोफण पाखरांसाठी, जागल चोरांसाठी. डुकरासाठी जागलीला जावं लागेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मशीन घ्यायच्या आधी सगळे उपाय करून झाले होते. वावराभोवती जुन्या साड्या बांधल्या. मराठवाड्यात कुठल्याही रस्त्यानं गेलात तर रंगीबेरंगी साड्यांची कुंपणं दिसतील, पोरीबाळींचा लग्नातला शालूसुद्धा त्यात दिसतो. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकले. कुत्र्यांच्या आवाजाचा भोंगा लावला. डुक्कर चार रात्री बिचकतं, पाचव्या रात्री त्याला कळतं की साडीच्या आत बाई नाही आणि भोंग्याच्या मागं कुत्रं नाही. जनावराच्या अकलेला कमी लेखू नका.

मोंढ्यातल्या दुकानातून सेट घेतला: मशीन, १२ व्होल्टची बॅटरी, ४० वॉटची सोलर प्लेट, मिळून साडेअकरा हजार. क्लच वायर, इन्सुलेटर, कोपऱ्याला लोखंडी अँगल, मधी बांबू आणि गड्यांची मजुरी धरून आणखी चौदा हजार गेले. तीन पदरी तार. पहिली जमिनीपासून वीतभर वर, दुसरी गुडघ्याच्या खाली, तिसरी कमरेला. खालच्या दोन डुकरासाठी, वरची रोह्यासाठी. हरीण मात्र मनात आलं तर तिन्ही तारांवरून उडी मारून जातं. त्याच्यासाठी कुंपण घेणार असाल तर पैसे घरात ठेवा.

आता मशीन करते काय, ते नीट सांगते, कारण दुकानदार सांगत नाहीत. ही मशीन तारेत सारखा करंट सोडत नाही. सव्वा-सव्वा सेकंदानं एक ठोका सोडते, टक्, टक्. व्होल्टेज हजारांत असतं, पण ठोका इतक्या थोड्या वेळाचा की जीव जात नाही, नुसती सणक बसते. प्रमाणित मशीनीला नियम आहे: दोन ठोक्यांत किमान १ सेकंदाचं अंतर आणि एका ठोक्यात ५ जूलपेक्षा जास्त ऊर्जा नाही. खोक्यावर हे आकडे बघूनच घ्या. काही बहाद्दर खांबावरची लाइन सरळ तारेला जोडतात. त्यानं डुक्कर मरतं तसा शेजारचा माणूसही मरतो, दरवर्षी पेपरात येतं, आणि मग सदोष मनुष्यवधाचा खटला. त्याला झटका मशीन म्हणू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अर्थिंग. मशीनीतून दोन वायरी निघतात, एक तारेला आणि एक जमिनीला. जनावर तारेला शिवलं की करंट त्याच्या अंगातून मातीत उतरतो, मातीतून अर्थिंगच्या पाइपापर्यंत जातो आणि तिथून मशीनीत परत. म्हणजे अर्धं कुंपण तारेचं, अर्धं मातीचं. पावसाळ्यात आमची काळी माती ओलीगच्च असते तेव्हा टेस्टरचे सगळे दिवे लागतात. चैत्रात तीच माती उलते, भेगेत मनगटापर्यंत हात जातो, पाइप त्या भेगेत नुसता उभा राहतो आणि झटका लागत नाही. दुकानदार एक पाइप ठोकून गेला होता. मी सहा-सहा फुटांचे तीन लावले, दहा फुटांच्या अंतरानं, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून, बोरच्या हौदाचं पाणी सांडतं त्या जागी. तेव्हापासून उन्हाळ्यातही सणक बसते. टेस्टर नसला तर हिरव्या गवताची लांब काडी तारेला लावायची आणि बोटं हळूहळू पुढं सरकवायची. टिचकी बसली की समजायचं. वाळलेली काडी घेऊ नका, आणि छातीचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग करूच नये.

दुसरी अडचण झडीची. आषाढात झड लागली की प्लेटवर ऊन नाही, बॅटरी उतरते, आणि त्याच दिवसांत बी उगवून वर येत असतं. म्हणजे डुकराला हवं तेव्हा मशीन झोपते. बॅटरी मोठी घ्या, नाहीतर घरून चार्ज करून आणायची तयारी ठेवा.

पण मला खरं बोलायचंय ते गवताबद्दल. खालच्या तारेला हिरवं गवत टेकलं की करंट गवतातून जमिनीत जातो आणि झटका पुढं पोचतच नाही. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, तारेखाली दीड फुटाचा पट्टा साफ ठेवायचा. तणनाशक मारा, विषय संपला.” आमच्या वावराचा घेर साडेसहाशे मीटर. दीड फुटाचा पट्टा म्हणजे जवळपास तीन गुंठे. तीन गुंठे म्हणजे काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमच्या वावरात कुळवाची पास आणि तणनाशकाचा फवारा लागत नाही अशी जागा तेवढीच उरली होती.

आमचा धुरा कधीकाळी दोन बैल चालतील इतका रुंद होता. त्यावर मारवेल, पवना, कुसळी, तरवडाची झुडपं, बोरी, एक मोठा हिवर. तित्तर त्यात पिल्लं काढायचे, लाव्हे पायाखालून भुर्रकन उडायचे. मुरमाड कोपऱ्यात टिटवी दरसाल अंडी घालायची. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं माझी सासू सांगायची आणि पेरणीच्या आधी एकदा जाऊन बघून यायची. मग ट्रॅक्टर आला, वाटण्या झाल्या, जेसीबी आला. धुरा फुटाफुटानं कमी होत सरीएवढा राहिला, कारण दोघा भावांना एकेक तास, म्हणजे पिकाची एकेक ओळ, जास्तीचं पाहिजे होतं. मी तणनाशक मारलं असतं तर उरलेलाही गेला असता. नाही मारलं. विळ्यानं कापते, पावसाळ्यात सारखंच कापावं लागतं, दोन बायांची मजुरी त्यावर जाते. ही मजुरी कुठल्याच जाहिरातीत नाही. ती धरून हिशेब करा.

खोक्यावरच्या हिरव्या पानाचं काय ते मला भादव्यात कळलं. सकाळी तार बघत चालले होते. पश्चिमेच्या अंगाला खालच्या तारेवर एक धामण लटकलेली. मेलेली. पुरुषभर लांब, पोट पिवळट, अंगाचा विळखा तारेला घट्ट. तार अजून टक्-टक् करत होती आणि प्रत्येक ठोक्याला शेपटीचं टोक हलत होतं, त्यामुळं आधी मला ती जिवंतच वाटली. डुकराला झटका बसला की ते पळतं. सापाला बसला की तो आवळतो, आवळला की पुन्हा बसतो. कंपनीनं डुकराचा विचार केला, सापाचा केला नाही. धामण ही शेतकऱ्याची घूस-उंदरांवरची फुकटची राखण. त्या वर्षी हरभऱ्यात उंदरांनी जी बिळं केली ती मी आधी कधी बघितली नव्हती. एकाच धामणीमुळं झालं असं म्हणत नाही, पण झालं.

त्यावर उपाय आहे. खालची तार वीतभरावरून आणखी थोडी उंच केली आणि दिवसा मशीन बंद. मशीनीला अंधार पडला की आपोआप चालू होण्याची सोय असते, ती वापरा; दिवसा डुक्कर येत नाही आणि धामण, घोरपड, मुंगूस सगळे दिवसाच हिंडतात. तार उंच केल्यापासून डुकराची लहान पिल्लं खालून आत येतात. येऊ देत, आई बाहेर राहिली की ती फार वेळ थांबत नाहीत.

आता डुकरं गेली कुठं.

पहिल्या हंगामात ती आमच्या दिरांच्या वावरात गेली. आबा धुऱ्यावर येऊन म्हणाले, “वहिनी, तुमची मशीन लई भारी हाय, पर तुमी डुकरं आमच्याकडं लावून दिली की.” बोलणं हसत होतं, राग खरा होता. पुढच्या हंगामाला त्यांनीही मशीन घेतली. मग त्यांच्या खालच्यांनी. आता ओढ्यापर्यंतचा सगळा पट्टा रात्री टक्-टक् करतो. आणि डुकरं आहेत तेवढीच आहेत. एका खेपेला चार-सहा पिल्लं होतात, कमी व्हायचं कारण नाही. आधी त्यांच्यावर लांडगे आणि कोल्हे असायचे. लांडगा तर मेंढपाळांनासुद्धा आता क्वचितच दिसतो. त्यात कालव्याच्या पट्ट्यात ऊस वाढला. बारा महिने हिरवा, दाट, पाणी पाजलेला ऊस म्हणजे डुकरासाठी आपणच बांधून दिलेला वाडा. ऊस तुटला की ती सगळी बाहेर पडतात.

पडतात ती तांड्याकडं. आमच्या वर डोंगराच्या कुशीला लमाण तांडा आहे. एकेकाला दीड-दोन एकर, तेही मुरमाड. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो, मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. पंचवीस हजारांची मशीन त्यांनी कुठून आणायची? तिथली एक बाई आमच्याकडं खुरपायला येते. ती मला म्हणाली, “बाई, तुमच्या तारा लागल्या आन आमचं जागरन वाढलं.” तिचा नवरा साखर कारखान्यासाठी ऊस तोडतो, त्याच उसात वाढलेली डुकरं त्याच्या घरची तूर खातात. ह्यात मी आणखी काही जोडायची गरज नाही.

लोक म्हणतात जनावरं माजली, जंगलातून गावात आली. कुठलं जंगल? लातूर जिल्ह्यात जंगल जमिनीच्या एक टक्कासुद्धा नाही. आमच्याकडं डोंगर आहेत म्हणून थोडं बरं. पण रोही, हरीण, तित्तर, लांडगा ही दाट झाडीतली जनावरं नव्हेतच, ती माळावरची. आणि माळ म्हणजे गायरान, पडीक, खडकाळ, मुरमाड. सरकारी नोंदीत ह्या जमिनी ‘पडीक’च असतात. पडीक म्हटलं की खडीकेंद्र, मुरमाची खदान, पवनचक्की, सोलरचा प्रकल्प, काहीही तिथं बसवायला मोकळं. माझ्या मशीनीची प्लेट उन्हावर चालते म्हणून ती पर्यावरणपूरक. आणि तशाच प्लेटा मोठ्या प्रमाणावर बसवायच्या तर त्या माळावरच बसणार, कारण काळ्या रानात कोण बसवू देईल? प्लेट वाईट असं म्हणायचं नाही. कोळशापेक्षा ती बरीच. पण बऱ्या वस्तूलाही जागा लागते, आणि ती जागा कुणाची तरी असते.

गायरान कसं गेलं ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा दोष मी भूमिहीनांना देत नाही. १९९१ च्या शासन निर्णयानं त्यांची जुनी अतिक्रमणं नियमित झाली, तो त्यांचा हक्क होता. गायरान गेलं ते गायीच गेल्या म्हणून. हे कुणी फारसं बोलत नाही. आमच्या घरी पूर्वी निम्म्या रानात ज्वारी असायची. ज्वारीचा कडबा, कडब्यावर बैल, गायी, दोन म्हशी. जनावरं होती तोवर गावाला गायरान लागायचं, त्यामुळं गायरानात कुणी नांगर घातला तर गाव उठायचं. मग सोयाबीन आलं. नव्वद-शंभर दिवसांचं पीक, हातात पैसा, मळणीयंत्रात घातलं की मोकळं. ज्वारी काढायला, खुडायला, बडवायला माणसं मिळेनात. आणि आम्हीही गव्हाच्या पोळ्या खायला लागलो, पाहुण्यापुढं भाकरी ठेवायची लाज वाटायला लागली. ज्वारी गेली, कडबा गेला, बैल बाजारात गेले. मग गायरान कुणाच्या उपयोगाचं? त्यावर खदान निघाली तेव्हा ग्रामसभेत कुणी तोंड उघडलं नाही. आम्हीही नाही.

आणि एवढं सोयाबीन जातं कुठं? क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं साधारण १८ किलो. बाकी जवळपास सगळी ढेप, आणि ढेपेचा मोठा वाटा जातो कोंबड्यांच्या खाद्यात. शहरात चिकन वाढलं, तळण वाढलं. तरी देशाचं तेल भागत नाहीच, निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि त्यातलं पामतेल ज्या देशांतून येतं तिथंही जंगल तोडूनच ते लावलेलं. आमच्या घरी महिन्याला किती तेल लागतं ते मी बघते: सासूबाईंच्या काळच्या तिप्पट, माणसं निम्मी. पुण्यात लेकाच्या घरी तर बाहेरून डबा येतो, त्यात तळलेलंच जास्त. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये. मोंढ्यात बरेच दिवस चार हजारांच्या आसपास रेंगाळला. भाव पडला की आम्ही काय करतो? आणखी दोन तास वाढवतो. धुरा कोरून.

कधीकधी वाटतं, जनावरांना राखीव जागा दिली की झालं. आमचे हे एकदा शाळेची सहल घेऊन सोलापूरजवळ नान्नजला गेले होते. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर १,२२२ वर आणलं. एवढं मोठं कागदावर होतं कारण त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं होती. ना विकता येत, ना विहिरीला सुरुंग लावता येत, लोक वैतागले, ते बरोबरच होतं. मुलांनी हरणं बघितली, माळढोक बघितला नाही. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला तो प्रसिद्ध वाघ आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून शेतंच्या शेतं तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं तरी. तेव्हा ह्या भागात तारा कमी होत्या. आज निघाला तर त्याला वाट कुठून मिळेल, हे मी रात्री मशीनीचा आवाज ऐकताना मनात मोजत असते. ओढा सोडला तर एकही वाट मला सापडत नाही.

असो. दुकानाच्या सेवेबद्दल. मशीनीला दोन वर्षांची हमी आणि बॅटरीला सहा महिन्यांची, हे कार्डावर बारीक अक्षरात असतं. माझी बॅटरी सातव्या महिन्यात बसली. दुकानदार म्हणाला कंपनीला विचारा, कंपनीचा माणूस हिंदीत म्हणाला डीलरला विचारा. शेवटी नवी विकत घेतली. जुनी परत घेऊन किमतीत सूट देतो म्हणाला, तेवढं मात्र दिलं. बॅटरीत शिसं असतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी गोळा करून तिची विल्हेवाट लावणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे, तेव्हा ती भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. तो ती कुठं फोडतो ते आपल्याला माहीत नसतं. सायरनची जोडणी मी काढून टाकली, वाऱ्यानं फांदी पडली तरी बोंबलतो आणि अख्खा आखाडा उठवतो. प्लेट चोरीला जाते. वेल्डिंग करून बसवा.

अनुदानाचं: वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, जे कमी असेल ते मिळतं, पण गाव त्यांच्या यादीत लागतं. आमचं नाही. तुमचं आहे का ते विचारा, घेण्याआधी विचारा, बिल नंतर चालत नाही. ज्यांना मशीन घेणं शक्य नाही त्यांनी नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वन विभागाकडं अर्ज द्यायचा, पंचनामा मागायचा. पीकविम्यातही खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचं नुकसान घेणार असं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय, त्यात कळवायची मुदत ७२ तास. फोटो काढताना खुरांचे ठसे घ्या, नाहीतर शेजाऱ्याची बैलं सोडली होती म्हणतात.

तारे द्यायचेच तर मशीनीला चार. एक कापला तो धामणीसाठी आणि झडीसाठी. दुकानाला दोन. खोक्यावरच्या हिरव्या पानाला एकही नाही. घेऊ का म्हणून विचाराल तर घ्या, मी तुम्हाला जागरण करा असं कुठल्या तोंडानं सांगू. एका रात्रीत पाव एकर गेलं तर दीड-दोन क्विंटल सोयाबीन जातं. तशा तीन-चार रात्री वाचल्या की मशीन फिटली. पण एकेकट्यानं घेण्यापेक्षा पट्ट्यातल्या सगळ्यांनी मिळून एकच बाहेरचं कुंपण घालावं, असं माझं म्हणणं आहे. दहा शेतांना दहा घेर घालण्यात जितकी तार जाते त्याच्या निम्म्याहून कमीत दहा जणांचा एक घेर होतो, मशीनी दोन पुरतात, आतले धुरे मोकळे राहतात आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची पट्टी जनावरांना जायला-यायला सोडता येते.

हे मी भावकीच्या बैठकीत मांडलं. ओढ्याची पट्टी सोडायला सगळे तयार झाले, कारण तिथं तसंही पीक येत नाही. अडलं ते तांड्यावर. तांड्याची शेतं घेरात घ्यायची म्हटलं तर तार वाढते आणि त्यांच्या वाटणीचा पैसा कुणी भरायचा ह्यावर आबा उठून गेले. आमच्या ह्यांनी हिशेब करून दाखवला, एकरी साडेचारशे रुपये जास्त पडतात. एका तणनाशकाच्या फवारणीपेक्षा कमी. पुन्हा बसायचं पंचमीनंतर ठरलंय, तेव्हा तांड्यावरच्या दोघांना बोलवा असं मी सांगून ठेवलंय, कारण मागच्या बैठकीत त्यांच्याबद्दल सगळे बोलले आणि त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. यंदा भुईमूग घातला नाही. त्या मुरमाड पट्ट्यात ज्वारी आणि मारवेल टाकलंय. गाय घ्यायची म्हणतेय, पण बाजारात भाव विचारून आले आणि सध्या गप्प आहे.